नाण्यावरचा राजा : नाव, चेहरा आणि किंमत

आजचा विषय हातात मावेल एवढा लहान आहे. प्रजासत्ताक भारतात नाण्यांवर राजे आणि राण्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. १९९९ साली छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं आलं. २००३ साली महाराणा प्रतापांचं एक रुपयाचं नाणं आलं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये विजयाराजे शिंद्यांच्या जन्मशताब्दीचं शंभर रुपयांचं नाणं निघालं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मथुरेत मीराबाईंचं ५२५ रुपयांचं आणि ३१ मे २०२५ ला भोपाळमध्ये अहिल्यादेवी होळकरांचं ३०० रुपयांचं नाणं प्रकाशित झालं. दर वेळी टाळ्या वाजतात, फोटो छापून येतात आणि विषय तिथंच संपतो. पुस्तक आलं की परीक्षण होतं, नाटक आलं की होतं. नाण्याचं परीक्षण मात्र कोणी करत नाही. ते आज करून पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या व्यक्ती थोर होत्या की नाही, हा आमचा प्रश्न नाही. शिवाजी महाराजांच्या किंवा अहिल्यादेवींच्या थोरवीला टांकसाळीच्या दाखल्याची गरज नाही. आमचा प्रश्न असा : नाण्यावर चेहरा छापल्यानं स्मरण होतं का? होत असेल तर नेमकं कशाचं?

सुरुवात मूळ नाण्यापासून करू. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या राज्याचं सोन्याचं नाणं म्हणजे होन आणि तांब्याचं नाणं म्हणजे शिवराई. शिवराईवर काय आहे? एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, कडेनं ठिपक्यांचं वर्तुळ. संपलं. चेहरा नाही, सिंहासन नाही, घोडा नाही, तलवारही नाही. फक्त अक्षरं, तीही देवनागरीत.

आता हे साधं वाटतं. पण त्या काळाचा विचार करा. आजूबाजूच्या सल्तनतींच्या आणि मोगलांच्या नाण्यांवर फारसी मजकूर होता. दक्षिणेत विजयनगरच्या होनांवर देवदेवतांच्या आकृती होत्या. म्हणजे दोन्ही नमुने समोर होते. महाराजांच्या नाण्यानं एकीकडून अक्षराची पद्धत घेतली, पण लिपी बदलली. दुसरीकडून होन हे नाव आणि परिमाण घेतलं, पण मूर्ती घेतली नाही. नव्या राज्यानं स्वतःची ओळख नावातून आणि लिपीतून सांगितली. राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. त्याच विचाराचा हा धातूतला भाग आहे. म्हणून शिवराईकडे बघताना ‘बिचाऱ्यांना चित्र काढता येत नव्हतं’ असं समजायचं कारण नाही. ते नाणं जे सांगतं ते पूर्ण सांगतं.

आणखी एक बघा. शिवराया सगळ्या एकसारख्या नाहीत. कुठं ‘शिव’, कुठं ‘सिव’. कुठं ऱ्हस्व, कुठं दीर्घ. अक्षरांची वळणंही वेगवेगळी. ठसे कोरणाऱ्या कारागिरांचे हात वेगळे होते. तरी नाणं चाललं. महाराजांनंतरही चाललं, पेशवाईत चाललं, एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल आल्यावरही बाजारात होतं. एखाद्या राजाचं नाव सामान्य माणसाच्या कनवटीला दोनशे वर्षांच्या आसपास राहावं, यापेक्षा मोठं स्मारक कोणतं?

आता हेन्री ऑक्सेंडेनची गोष्ट सांगायला हवी. राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा हा वकील रायगडावर होता. तहाची कलमं घेऊन आला होता. त्यात एक कलम असं, की इंग्रजांची नाणी महाराजांच्या राज्यात चालावीत. त्यावर जे उत्तर मिळालं ते इंग्रजांच्याच नोंदीत आहे. आशय असा : आम्ही कुठल्याही नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल असं नाणं घ्यायची सक्तीही आम्ही तिच्यावर करणार नाही. तुमचं नाणं कसाला आणि वजनाला चोख असेल तर ते आपोआप चालेल.

मंडळी, या उत्तरात पैशाचं एक अख्खं तत्त्वज्ञान आहे. नाणं हुकमानं चालत नाही, विश्वासानं चालतं. छाप राजाची असते, पण ती मान्य करायची की नाही हे बाजारातला माणूस ठरवतो. ज्याच्या नावानं नाणी पाडली जात होती तोच राजा हे म्हणतोय, हे विशेष. आपण त्यांचा चेहरा नाण्यावर आणला. हा विचार मात्र आणला नाही.

‘म्हणजे आपल्याकडे चेहऱ्याची परंपराच नव्हती का?’ असं कोणी विचारेल. होती, आणि तिचा सगळ्यात बोलका पुरावा आपल्या नाशिक जिल्ह्यात सापडला. १९०६ साली जोगळटेंभी इथं चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. तेरा हजारांवर नाणी होती, क्षत्रप राजा नहपानाची. त्यांवर नहपानाचा मुखवटा आहे. पण त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं पुन्हा ठसा मारलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावरच त्यानं आपली चिन्हं उठवली, एकीकडे डोंगरासारखं तीन कमानींचं चिन्ह आणि दुसरीकडे उज्जैन चिन्ह. नाणी वितळवली नाहीत. चांदी तीच, वजन तेच, फक्त चेहऱ्यावर शिक्का. हरलेल्या राजाचा चेहरा खालून अर्धवट दिसत राहतो आणि तेच नाणं बाजारात फिरत राहतं. सत्ता बदलल्याची बातमी गावोगाव पोचवायचा याहून सोपा मार्ग त्या काळी नव्हता. पुढं सातवाहनांनीही चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे मुखवटे आणले. म्हणजे चेहऱ्याची परंपरा आहेच. पण तिचा अर्थ ‘स्मरण’ असा कधीच नव्हता. ‘आज इथं कोणाची सत्ता आहे’ एवढाच तिचा अर्थ होता.

इंग्रजांनी हेच केलं. राणीछाप रुपया आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात होता. लोक ‘चांदीचा रुपया’ म्हणत नव्हते, ‘राणीछाप’ म्हणत होते. लोक नाणं नीट बघतात, याचा एक मजेदार दाखला १९११ चा आहे. पंचम जॉर्जच्या नव्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक बारीक हत्ती कोरलेला होता. तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, नाणी परत घ्यावी लागली आणि पुढच्या साली हत्ती नीट कोरून नवा ठसा आणावा लागला. मिलिमीटरभराच्या आकृतीनं साम्राज्याला माघार घ्यायला लावली. तेव्हा ‘नाण्यावरचं चित्र कोण बघतो’ असं म्हणू नये.

आपल्या संस्थानिकांनी मग इंग्रजांकडे बघून आपले चेहरे नाण्यांवर आणले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा पगडीतला मुखवटा रुपयावर आला, इंदूरच्या शिवाजीराव होळकरांचा आला. ग्वाल्हेरच्या तांब्याच्या पाव आण्यावर आधी माधवराव आणि मग जिवाजीराव शिंदे आले. म्हणजे मराठी राजांचा चेहरा नाण्यावर येण्याचा काळ कोणता? मराठी सत्ता खरोखर सार्वभौम होती तो नव्हे. ती इंग्रजांची मांडलिक झाली होती, तो. हा योगायोग नाही, असं आम्हाला वाटतं. महाराजांना चेहऱ्याची गरज पडली नव्हती. खरी सत्ता हातातून गेल्यावर दिसण्याची गरज वाढली.

आता अहिल्यादेवींकडे येऊ. त्यांच्या काळच्या महेश्वर टांकसाळीचा रुपया पाहा. त्यावर फारसीत बादशहा शाह आलमचं नाव आहे. अहिल्यादेवींचं नाव नाही, चेहरा तर नाहीच. मग ओळख काय? शिवलिंग आणि बेलाचं पान. ‘हे राज्य शंकराचं, आम्ही कारभारी’ अशी त्यांची भूमिका परंपरेनं सांगितली जाते. ती नाण्यावर अक्षरशः दिसते. व्यवहारापुरतं बादशहाचं नाव, निष्ठेपुरतं बेलाचं पान, स्वतःसाठी जागाच नाही. एवढा संयम असलेल्या राज्यकर्तीचं स्मरण करायचं तर आम्ही काय घेतलं असतं? बेलाचं पान घेतलं असतं. आपण काय घेतलं? चेहरा. ज्या बाईंनी नाण्यावर स्वतःला आणलं नाही त्यांनाच आपण नाण्यावर आणलं. हे आदरानंच केलंय, यात शंका नाही. पण आदर करताना त्या माणसानं स्वतःबद्दल काय ठरवलं होतं हे विचारायला नको का?

हीच गोष्ट तुकोबांची. २००२ साली संत तुकारामांचं दोन रुपयांचं नाणं निघालं. परंपरा सांगते की त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत सोडली आणि महाराजांनी पाठवलेलं द्रव्य परत केलं. त्या माणसाची छबी आपण नेमकी द्रव्यावर उमटवली! आम्ही नाण्याला दोष देत नाही. पण ते नाणं हाती घेणाऱ्याला हा पेच जाणवावा, एवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

आता १९९९ च्या शिवाजी महाराजांच्या नाण्याबद्दल. तांबं-निकेलचं, अकरा कोनांचं, दोन रुपयांचं. आमच्या मते हे या सगळ्यांतलं सर्वांत चांगलं नाणं आहे, आणि त्याचं कारण चित्रात नाही. ते चाललं! रिक्षावाल्याच्या खिशात गेलं, भाजीवालीच्या पाटीत पडलं, शाळेतल्या मुलाच्या हातात आलं. त्याच साली संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं नाणं आलं, तेही असंच फिरलं. नाण्याचा धर्म फिरण्याचा आहे. फिरत नाही ते नाणं नव्हे, ते पदक.

शंभर रुपयांचं स्मारक नाणं घ्या. ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन, निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त, ही या नाण्यांची बरीच वर्षं ठरलेली घडण. टांकसाळ ते मखमली डबीत घालून दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी जास्त दरानं विकते. ते घेऊन तुम्ही वाशीच्या बाजारात शंभर रुपयांचे कांदे आणाल का? नाही आणणार. म्हणजे त्यावर छापलेली किंमत ही किंमत नाही, ती एक शोभा आहे. ५२५ आणि ३०० हे आकडे तर सरळ जयंतीची वर्षं आहेत. मीराबाईंची ५२५ वी जयंती म्हणून ५२५ रुपये. वर्षाचा आकडा रुपयाच्या चिन्हापुढं मांडला. आता कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं एक भेद केलाय : काही गोष्टींना किंमत असते, काहींना प्रतिष्ठा असते. किंमत असते त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं, प्रतिष्ठा असते त्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही. नाणं ही पहिल्या प्रकारातली सर्वांत शुद्ध वस्तू. एका रुपयाच्या जागी दुसरा रुपया चालतो, म्हणून तर तो रुपया. आणि ज्यांच्या जागी दुसरं कोणी चालणार नाही, अशांनाच आपण त्यावर बसवतो. हा ताण जुनाच आहे. नाणं फिरत असेल तर तो सहन होतो, कारण तिथं राजा लोकांच्या हातात येतो. डबीत बंद असेल तर राजा संग्राहकाच्या कपाटात जातो. तिथं लोकही उरत नाहीत आणि व्यवहारही उरत नाही.

फिरणाऱ्या नाण्यांचाही एक प्रश्न आहे. आपल्याकडे दहा रुपयांचं नाणं कितीतरी ठिकाणी दुकानदार घेत नव्हते, ‘हे खोटं आहे’ म्हणायचे. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की दहा रुपयांच्या नाण्याचे चौदा प्रकार आहेत आणि सगळे वैध आहेत. चौदा! त्यांतले बरेचसे स्मारक नाणी होते. ज्या व्यक्तीच्या सन्मानासाठी नाणं काढलं, तेच नाणं ‘हे चालत नाही हो’ म्हणून परत दिलं गेलं. यात दुकानदाराची चूक किती आणि आपली किती? रायगडावरचं उत्तर आठवा. रयतेचा विश्वास असेल तर नाणं चालतं. दर सहा महिन्यांनी तोंडवळा बदलला तर विश्वास कुठून येणार?

आता थोडा नाजूक भाग. विजयाराजे शिंद्यांचं नाणं. त्यांचे पती जिवाजीराव यांचा चेहरा पाव आण्यावर होता, हे मघाशी सांगितलं. तो चेहरा वंशाच्या हक्कानं तिथं होता. विजयाराजे १९५७ साली निवडून लोकसभेत गेल्या, पुढं विरोधी राजकारणात आल्या, आणीबाणीत तुरुंगात गेल्या. त्यांचा नाण्यावरचा हक्क कोणता? सार्वजनिक आयुष्याचा असेल तर चर्चा करता येईल, आणि आम्ही ती आदरानं करू. पण आपण त्यांना ‘राजमाता’ म्हणूनच ओळखतो, तो सोहळाही त्याच संबोधनानं झाला. १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले. राज्यघटनेनं जे काढून घेतलं ते राज्याच्या नाण्याभोवतीच्या समारंभात परत येत असेल, तर ते लक्षात तरी यावं. एका दांपत्यातल्या दोघांची दोन नाणी शेजारी ठेवली की आपल्याला विचारता येतं : राजा म्हणून आलेला चेहरा आणि नागरिक म्हणून आलेला चेहरा यांत फरक आपण ठेवला आहे का?

या फरकाची खूण प्रत्येक भारतीय नाण्यावर आहे. इंग्लंडमध्ये नाण्यावर राजाच असतो, कारण तिथं सार्वभौम तोच. एलिझाबेथ उजवीकडे बघत होत्या, तिसरे चार्ल्स डावीकडे बघतात, कारण दर राज्यकर्त्यानं दिशा बदलायची असा तिथला जुना रिवाज आहे. आपल्याकडे १९५० साली राजाचा चेहरा गेला आणि त्या जागी सारनाथचे सिंह आले. स्मारक नाण्यावरही एका बाजूला सिंह असतातच. म्हणजे घर सिंहांचं, दुसऱ्या बाजूचा राजा हा पाहुणा. गंमत बघा, ते सिंहही एका सम्राटानंच उभारले. पण अशोकाचा चेहरा त्यावर नाही. मौर्यांच्या काळच्या आहत नाण्यांवर तर नावही नसे, नुसती चिन्हं. अशोक आपल्याला कळला तो शिलालेखांतल्या शब्दांमुळं. प्रजासत्ताकानं निवडलेला राजा हा बिनचेहऱ्याचा राजा आहे. हे पुरेसं बोलकं आहे.

‘लोकांना चेहरा लागतो, अक्षरांनी त्यांचं मन भरत नाही’ हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. १९९० साली बाबासाहेबांचं एक रुपयाचं नाणं आलं. ज्यांच्या पूर्वजांना सत्तेच्या कुठल्याही चिन्हावर स्वतःचं कोणी दिसलं नव्हतं, त्यांना ते हातात घेताना काय वाटलं असेल? तिथं चेहऱ्याचं मोल फार मोठं आहे. शिवाय तो चेहरा रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचा आहे, म्हणजे नाण्यावर त्यांचा दुहेरी हक्क. तेव्हा चेहरा नकोच, असं आमचं म्हणणं नाही. ज्याला इतिहासानं चेहरा नाकारला त्याला चेहरा द्या. ज्यांनी स्वतः विचारपूर्वक चेहरा बाजूला ठेवला त्यांची निवड जपा. न्याय दोघांना सारखा लावला तर दोघांवर अन्याय होतो.

महाराजांच्या चेहऱ्याबद्दल आणखी एक अडचण आहे. आज आपल्याला माहीत असलेली छबी घराघरात पोचली ती विसाव्या शतकात. त्याआधी महाराज म्हणून भलतंच चित्र बरीच वर्षं चालत होतं. वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतलं चित्र पुढं आणलं तेव्हा ती चूक सुधारली. म्हणजे चेहऱ्याबाबत आपण फसू शकतो, फसलो होतो. शिवराईवरची अक्षरं मात्र महाराजांच्या हयातीतली आहेत, त्यांच्याच राज्यात पाडलेली. अस्सल काय आणि कल्पित काय, याचा निवाडा करायचा तर त्या नाण्याइतका जवळचा पुरावा कुठला?

मग करावं काय? आमच्या तीन सूचना आहेत. पहिली : महाराजांचं पुढचं नाणं निघेल तेव्हा त्यावर शिवराईचाच मजकूर असावा, त्याच वळणाच्या अक्षरांत, कडेच्या ठिपक्यांसकट. अहिल्यादेवींसाठी बेलाचं पान. दुसरी : ते एक, दोन किंवा पाच रुपयांचं असावं आणि भरपूर पाडावं, म्हणजे ते डबीत न जाता खिशात जाईल. तिसरी : हे नाणं का काढलं आणि हेच चिन्ह का निवडलं, याचं अर्ध्या पानाचं निवेदन सरकारनं मराठीसह सगळ्या भाषांत प्रसिद्ध करावं. नाण्यामागं खर्च जनतेचा, विश्वास जनतेचा. कारणही जनतेला कळायला हवं.

जाता जाता एक सांगतो. आता आपल्या इथं वडापावच्या गाडीवरही पैसे फोननं जातात. नाणं हातात घेण्याचे दिवस कमी होत चाललेत. उद्या नाणी जवळपास गेली तर पैशावर राजाचं नावही उरणार नाही आणि चेहराही. तेव्हा जी काही थोडी नाणी अजून फिरताहेत, त्यांवर काय उमटवायचं हे ठरवायला आपल्याकडे फार वेळ नाही. आज घरी गेल्यावर नाण्यांचा डबा उपडा करून बघा. १९९९ चं ते दोन रुपयांचं नाणं सापडलं तर बाजूला काढून ठेवू नका, खर्च करा. पण देण्याआधी घरातल्या मुलाला मूळ शिवराईवर काय लिहिलं होतं तेवढं सांगा.

प्रश्न असतील तर घेऊ.